अनुभव धागा : आवडती अद्भुतकादंबरी मालिका होऊन समोर आली तेव्हा

आवडत्या कादंबरीवर मालिका येणार म्हटले की आनंद आणि धास्ती एकदमच वाटते. ‘पुस्तकाची सर नाही’ हे आपण सगळेच अनेकदा म्हणून चुकलो आहोत, त्यामुळे येथे त्यापलीकडचे लिहावे, अशी विनंती आहे. वाचताना एका प्रकारे पाहिलेले आणि पडद्यावर वेगळेच निघालेले एखादे पात्र किंवा प्रसंग निवडून नेमकेपणाने सांगावे. तो बदल रुचला असो वा खटकला असो. रहस्यभेद होणार असेल तर आधी सूचना द्यावी. सुरुवात मीच करते.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून येते. राणी सर्सीला अशी स्वतःची प्रकरणे थेट चौथ्या खंडात, म्हणजे २००५ साली मिळाली. तोवर ती आपल्याला इतरांच्या, त्यातही बहुतेक तिच्यावर दात धरून असलेल्यांच्या डोळ्यांनीच दिसते, आणि मीही तिचा मनसोक्त द्वेष केला होता. २०११ मध्ये या कादंबऱ्यांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिका सुरू झाली आणि पाचव्याच भागात पुस्तकात कोठेही नसलेला एक प्रसंग आला. राजा रॉबर्ट आणि सर्सी मद्य घेत बोलत बसले आहेत. हे राज्य कशामुळे टिकले आहे, या प्रश्नाला ‘आपल्या लग्नामुळे’ असे उत्तर निघते आणि दोघेही हसत सुटतात. मग ती विचारते की आपले कधी जुळण्याची शक्यता होती का. तो नाही म्हणतो. हे ऐकून बरे वाटले की वाईट, असे त्याने विचारल्यावर काहीच वाटत नाही, एवढेच ती सांगते. हा प्रसंग पुस्तकात येणे शक्यच नव्हते, कारण खोलीत ते दोघेच आहेत आणि पहिल्या पर्वामागच्या पहिल्या खंडात दोघांपैकी एकाचीही नजर लेखकाने आपल्याला दिलेली नाही. असा बदल मला दहा वगळलेल्या प्रसंगांच्या बदल्यातही चालेल.

*

माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीचा नायक गेड याचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे आणि पहिल्याच प्रकरणात त्याच्या गावावर चालून येणारे कार्गिश सैनिक मात्र गोरे आहेत. लेखिका याचा गाजावाजा करत नाही. जाता जाता सांगते, आणि म्हणूनच ते मनात पक्के बसते. २००४ च्या मालिकेत गेडच गोरा होता. ले ग्विन यांनी त्याच वर्षी जाहीरपणे आक्षेप घेतला आणि आपली मूळ निवड पूर्णपणे जाणीवपूर्वक होती, हे स्पष्ट केले. प्रसंग कापले, पात्रे एकत्र केली, तर ती माध्यमाची गरज म्हणून मी समजून घेऊ शकतो. येथे कोणती गरज होती, हे मला आजतागायत कळलेले नाही.

*

फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या कादंबरीमालेत, नायिका लायराच्या जगात, प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत वावरतो आणि लहान मुलांच्या सोबत्याचे रूप सतत बदलत असते. पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर लायराचा सोबती पॅन गडद तपकिरी पतंग झालेला असतो, आणि तो काय झाला आहे यावरून तिची मनःस्थिती वाचायची आपल्याला सवय लागते. २०१९ च्या मालिकेत लायराचा पॅन लोभस आहे, पण गर्दीच्या दृश्यांत बहुतेक माणसे सोबत्याविनाच फिरताना दिसतात. संगणकावर प्रत्येक प्राणी घडवण्याचा खर्च मला समजतो. तरीही सोबत्यापासून तोडलेल्या मुलाचा हादरा बसायचा असेल, तर बाकी सर्वांजवळ तो दिसलाच पाहिजे.

*

मी आधी मालिका पाहिली आणि मग पुस्तक वाचले. दूरदर्शनवरच्या ‘चंद्रकांता’ने अखिलेंद्र मिश्रा यांचा क्रूरसिंग डोक्यात असा बसवला की देवकीनंदन खत्री यांच्या कादंबरीत तो फार लवकर बाजूला पडतो, हे मला पटेचना. मात्र वेषांतर करणारे, बेशुद्धाला लखलखा हुंगवून शुद्धीवर आणणारे ऐयार, म्हणजे राजांचे चतुर हेर, कागदावरच अधिक रंगले.

*

रहस्यभेदाची सूचना : ‘गेम ऑफ थ्रोन्स’, सहावे पर्व.

मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ चा, त्यामुळे अनेक पर्वे घरात पुढचे सारे ठाऊक असणारी मीच होते आणि तो तोरा मी पुरेपूर मिरवला. २०१६ मध्ये मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. ‘हॉडॉर’ हा एकच शब्द बोलणारा धिप्पाड सेवक हॉडॉर तसा का झाला, हे दार अडवून उभ्या असलेल्या हॉडॉरकडे पाहताना मला इतरांबरोबरच कळले. ओळींमधून सावकाश उलगडायला हवे होते ते पार्श्वसंगीतासकट अंगावर आले, याचा थोडा राग आहे. पण धाकटा भाऊ त्या दिवशी माझ्याकडे ज्या समाधानाने पाहत होता, ते पाहता घरात मला फारशी सहानुभूती मिळाली नाही.