गिअर दाखवणारा सेन्सर: लिव्हरखाली मॅग्नेट लावायचं की आरपीएमवरून काढायचं?

वर्धारोडवाला:
जुन्या मॅन्युअल गाडीत कोणता गिअर पडला ते डॅशबोर्डवर दिसावं असं वाटत असेल तर घरच्या घरी करायला हॉल सेन्सरच (मॅग्नेट जवळ आलं की ऑन होणारा) बेस्ट, माझं पक्कं मत आहे. लिव्हरचं रबरी बूट वर करायचं, खालच्या दांड्याला छोटं निओडिमियम मॅग्नेट बसवायचं अन् प्रत्येक गिअरच्या जागी एक ए-३१४४ हॉल सेन्सर, पाच गिअर अन् रिव्हर्स मिळून सहा. आऊटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे स्वतः व्होल्टेज देत नाही, म्हणून १० के चा पुलअप (५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर) टाका, पुढे आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करायचा बोर्ड) अन् एक आकडी डिस्प्ले, बस. एकही सेन्सर लागला नाही म्हणजे न्यूट्रल. मॅग्नेटची बाजू मात्र आधी तपासा, हा सेन्सर साउथ पोललाच ऑन होते. सामान सगळं नागपुरात बर्डीत मिळते.

मानकापूरकर:
भाऊ, एवढा पसारा काऊन? ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणारं सॉकेट) ईएलएम३२७ अडॅप्टर लावा, आरपीएम अन् स्पीड दोन्ही मिळते, भागाकार करा की गिअर कळला. माझ्या गाडीत तिसऱ्यावर ४० च्या स्पीडला १८०० आरपीएम, म्हणजे ४५. चौथ्याला ३३, पाचव्याला २७ च्या आसपास. कन्सोल खोलायचं काम नाही.

वर्धारोडवाला:
अन् क्लच दाबला की? गाडी उभी असली तर स्पीड शून्य, भागाल कशाने? माझा भाचा सध्या गाडी शिकून राहिला, व्हेरायटी चौकात सिग्नल सुटला की पहिला पडला का तिसरा हे पाहायला मान खाली घालतो, मागून हॉर्नवर हॉर्न, पोरगं घाबरून गाडी बंद पाडते. त्याला आकडा तिथंच पाह्यजे न, अन् नेमका तिथंच तुमचा हिशोब बंद! शिवाय जुन्या गाडीत ओबीडी आणायचं कुठून?

सिव्हिललाइन्स६४:
मला तर डिस्प्लेच नको वाटतो. शिकणाऱ्याने इंजिनचा आवाज ऐकावा, हाताला लिव्हरची जागा कळली पाहिजे. आकड्याची सवय लागली की दुसऱ्याची गाडी चालवताना काय करणार?

हिंगण्याचा फिटर:
दोघांचंही एकेक सुटून राहिलं. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाळ्यात) गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की ग्लू गनचा गोंद सैल पडते, मॅग्नेट सुटून लिव्हरच्या सांध्यात गेलं तर गिअर अडकेल, चालत्या गाडीत हे जिवावर बेतू शकते. म्हणून इपॉक्सी लावा अन् वरून क्लॅम्प कसा, नुसतं चिकटवू नका. लिव्हरच्या सांध्यातलं बुश घासलेलं असलं तर लिव्हर आपल्या जागी येत नाही, आधी बुश बदला नाहीतर सेन्सर कधी लागेल कधी नाही. रिव्हर्सला वेगळा सेन्सर कशाला, रिव्हर्स लाइटचा स्विच बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सवरच असते, तिथून ऑप्टोकपलर (दोन सर्किट वेगळे ठेवून प्रकाशाने सिग्नल देणारा भाग) लावून सिग्नल घ्या.

मानकापूरकर:
उभ्या गाडीचं मान्य. पण हायवेवर माझीच पद्धत, तिथं सुटून पडायला काहीच नाही.

हिंगण्याचा फिटर:
कोणतीही करा, सप्लाय इग्निशनवरून १ अँपचा फ्यूज टाकूनच घ्या. चालू गाडीत व्होल्टेज १४ च्या वर जाते अन् मधेच झटके येतात, नॅनोला थेट देऊ नका, बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) ५ व्होल्ट करून द्या.