मदत हवी आहे: लाल पेनी तिकिटाच्या नक्षीत लपलेला नंबर वाचायचा कसा?

मंडळी, जरा मदत करा. गावभागातल्या माझ्या मामांनी त्यांचा तिकिटांचा अल्बम माझ्या हवाली केलाय, २०१९ च्या पुरात तो माळ्यावर होता म्हणून वाचला, खालच्या कपाटातलं सगळं गेलं. त्यात परदेशी तिकिटं भरपूर आहेत आणि मामांचं म्हणणं की कोरीव तिकिटांत कारागीर लोक काय काय लपवून ठेवतात, ते शोध, नुसतं देशवार लावत बसू नकोस. आता मामा सांगून मोकळे झाले, शोधायचं मला.

मी अडकलोय ते इंग्लंडच्या लाल पेनीवर. व्हिक्टोरिया राणीचा डावीकडे बघणारा चेहरा, कडा दातेरी, वर 'पोस्टेज' खाली 'वन पेनी', देशाचं नाव कुठंच नाही. चार कोपऱ्यांत अक्षरं आहेत, खाली के आणि बी, वर तीच उलटी म्हणजे बी आणि के. दोन्ही बाजूंना जी जाळीसारखी नक्षी असते तिच्यात प्लेटचा, म्हणजे ज्या धातूच्या पत्र्यावरनं तिकिटं छापली त्याचा, नंबर असतो असं वाचलं, पण डाव्या बाजूवर नेमका शिक्का बसलाय, काळा ठिक्कर. उजव्या बाजूला काहीतरी ७७ सारखं वाटतंय. ७७ लई दुर्मिळ असतं म्हणतात म्हणून कालपासून झोप नाही, खरं खोटं सांगा.

दुसरं, कॅनडाची काही तिकिटं आहेत, त्यात साल लपवलेलं असतं ते कुठं बघायचं? आणि मुळात तिकीट कोरीव आहे का साधं छापलेलं हे ओळखायचं कसं? सराफ कट्ट्यावर एकाकडनं दहापट दाखवणारं भिंग मागून आणलंय, तेवढ्यानं भागेल का?

प्रतिसाद १:
दादा, आधी पाणी प्या. ७७ ची प्लेट सदोष म्हणून बाद केली होती, त्यातली थोडीच तिकिटं बाहेर गेली आणि आज माहीत असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लोकांना जे ७७ सापडतं ते बहुतेक वेळा १७७ असतं, पुढचा एक शिक्क्यात नाहीतर शाईत बुडालेला असतो, आणि काही महाभाग तो मुद्दाम खरवडून पण काढतात. नंबर नक्षीच्या साधारण मधोमध असतो, आडवा पडलेला, म्हणून तिकीट फिरवून बघा. ७७ असेल तर दोनच आकडे मधोमध बसायला पाहिजेत, एका बाजूला सरकलेले दिसले की समजायचं शेजारी अजून एक आकडा आहे. या तिकिटांच्या प्लेट ७१ पासून २२५ पर्यंत जातात, त्यामुळं तीन आकड्यांची शक्यताच जास्त.

अक्षरांचं म्हणाल तर ती शीटवरची जागा आहे. एका शीटवर २४० तिकिटं, २० ओळी, प्रत्येक ओळीत १२. खाली डावीकडचं अक्षर ओळीचं, उजवीकडचं त्या ओळीतल्या जागेचं. म्हणजे तुमचं अकराव्या ओळीतलं दुसरं. उजवीकडचं अक्षर एलच्या पुढं कधीच जात नाही. वरती तीच अक्षरं उलटी टाकली ती लबाडी रोखायला, लोक दोन वापरलेल्या तिकिटांचे शिक्का न लागलेले अर्धे भाग जोडून पुन्हा पत्रावर चिकटवायचे म्हणे, काय डोकं चालवायचे बघा.

प्रतिसाद २:
भिंग ठीक आहे पण त्यापेक्षा १२०० डीपीआयवर स्कॅन काढा आणि कॉम्प्युटरवर मोठं करून बघा, डोळ्याला त्रास नाही. शिक्का पुसायला जाऊ नका, कुठलंही केमिकल लावू नका.

कोरीव ओळखायचं तर तिकिटावर बाजूनं टॉर्च मारा. कोरताना पोलादावर उलटं चित्र खोदतात, शाई त्या खाचांत बसते आणि दाबाखाली कागद खाचेत शिरून ती उचलतो, त्यामुळं रेषा किंचित वर आलेल्या असतात, तिरप्या उजेडात लगेच कळतं. बोटानं चाचपायचा मोह होतो पण जुन्या तिकिटाला हात कमी लावलेला बरा. तुलनेसाठी आपली १९५२ ची संतकवींची मालिका घ्या, कबीर मीरा सूरदासवाली, नाशिकच्या प्रेसची. ती फोटोग्रॅव्यूरची, म्हणजे फोटोवरनं प्लेट बनवून छापलेली, भिंगाखाली रेषा नाहीत, बारीक जाळीचे ठिपके दिसतील. मामांच्या अल्बममध्ये हमखास असणार.

कॅनडाचं साल १९३५ पासून सुरू झालं, त्याच्या आधीच्यात शोधून डोळे फोडून घेऊ नका, म्हणजे १९२९ चं ते ब्लूनोज जहाज कितीही देखणं असलं तरी त्यात साल नाही. प्रत्येक तिकिटात जागा वेगळी, कधी नक्षीत कधी चित्रातच, फोटो टाका म्हणजे सांगता येईल.

प्रतिसाद ३:
अमेरिकेची तिकिटं असतील तर तीही काढा. १८७३ ला छपाईचं काम एका कंपनीकडनं दुसरीकडं गेलं, नव्या कंपनीनं जुन्याच डायवर (मूळ कोरलेल्या साच्यावर) छोट्या खुणा कोरल्या, उदा. १ सेंटवर आकड्याच्या डावीकडच्या मण्यात एक बारकी रेघ. ती तरी कंपनीच्या कामाची खूण होती. १९८६ चं ज्यू विद्वान बर्नार्ड रेव्हेल यांचं एक डॉलरचं तिकीट मात्र माझं सगळ्यात आवडतं, केनेथ किपरमन नावाच्या कोरणाऱ्यानं कुणाला न विचारता त्यांच्या दाढीत इवलासा सहा टोकांचा तारा, ज्यूंची खूण, कोरून ठेवला आणि तिकीट बाहेर पडल्यावर ते उघडकीला आलं. सरकारी छापखान्यात असं करायला छाती लागते. स्वीडनची असतील तर चेस्वाफ स्वानियाची शोधा, या माणसानं हजारावर तिकिटं कोरली.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. ऑफिसातल्या स्कॅनरवर काढलं. तिकीट फिरवून बघितलं तर दोन साताच्या आधी एक पुसट उभी रेघ आहे आणि दोन्ही सात एका बाजूला सरकलेत, म्हणजे १७७ च. मामांना सांगितलं तर म्हणाले मला तीस वर्षांपूर्वीच माहीत होतं, तू शोधतोस का ते बघत होतो. आता काय बोलणार. कबीर सापडला, ठिपके दिसले, लाल पेनीच्या शेजारी ठेवला की फरक लख्ख कळतो. अमेरिकेचं एकच आहे, त्यात दाढीवाला कुणी नाही. कॅनडाच्या तिघांवर अजून साल दिसत नाही, राजा सहावा जॉर्ज आहे एवढं नक्की, रात्री फोटो टाकतो, जरा बघा.