सगळे एमसीबी बंद, तरी आरसीसीबी पडतो. कुठे शोधायचं?

कुडाळची_लेक:
कुडाळजवळ आमचं जुनं चिरेबंदी घर आहे, वायरिंग मात्र अलीकडचं. बोर्डात ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा डबल पोल आरसीसीबी (३० मिलीअँपिअर करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) आहे आणि त्यापुढे सहा सिंगल पोल एमसीबी (एकेका सर्किटचे, जास्त करंट गेला की पडणारे स्विच). उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. पाऊस सुरू झाल्यापासून इस्त्री लावली की पडतो, मिक्सर लावला की पडतो, नुसते दिवे-पंखे असले तर तासन् तास टिकतो. वायरमनने सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर केला. दुपारी टिकला, पण तिन्हीसांजेला पुन्हा पडला. मग त्याने आरसीसीबीच नवीन बसवला, तरी तेच. आता तो म्हणतो, "थेट जोडून देतो" किंवा "१०० मिलीचा टाका". घरात आई आहे, लहान मुलं आहेत, मोरीत ओल असते. थेट जोडायला मन घेत नाही. काय बघावं?

सागर_पनवेल:
गीझर बघा. पावसाळ्यात कॉइल ओल धरते आणि लीकेज सुरू होतं. नुसता स्विच बंद करू नका, पिन काढून ठेवा.

कुडाळची_लेक:
गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पिना काढून पाहिल्या. नुसती इस्त्री लावली तरी पडतो. तीच इस्त्री शेजारच्यांकडे नीट चालते.

जुना_वायरमन:
ताई, तुम्ही सगळं इतकं नीट लिहिलंय की निम्मं काम झालंच आहे. उपकरणात दोष दिसत नाही. कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला टेकलाय.

आरसीसीबी फक्त एवढंच बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का. न्यूट्रल वाटेत अर्थला टेकला, तर परतीचा थोडा करंट जमिनीतून निघून जातो. १० वॉटच्या दिव्याला सगळा मिळून चाळीसेक मिली करंट लागतो. त्यातला थोडा भाग जमिनीत गेला तरी आरसीसीबी हलत नाही. हजार वॉटची इस्त्री चार अँपिअरच्या वर घेते. त्यातला एकच टक्का बाहेर गेला की झाले ४० मिली, आणि आरसीसीबी पडलाच. म्हणून इस्त्रीवर आळ येतो, पण दोष तिचा नाही.

आता एमसीबी बंद असताना का पडतो ते. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. संध्याकाळी वाडीत सगळीकडे लोड चढतो आणि लाइनच्या न्यूट्रलवर जमिनीच्या मानाने दोन-चार व्होल्ट येतात. टेकलेल्या जागी रोध शंभरेक ओहमपेक्षा कमी असेल तर तेवढे व्होल्टसुद्धा पुरतात. दुपारी टिकतो, तिन्हीसांजेला पडतो, हे त्यामुळेच.

शोधायचं असं, आणि हे वायरमनकडूनच करून घ्या. मीटरजवळचा मेन स्विच बंद करायचा. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग बोर्डात लावायचा. आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रल लिंकमधून (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात ती पट्टी) सगळे न्यूट्रल मोकळे करायचे, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नंबर लावायचा. टीव्ही, राउटर, चार्जर यांच्या पिना काढायच्या, एलईडी दिवेसुद्धा उतरवलेले बरे. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये लावायचा. निरोगी सर्किट एक मेगओहमच्या बराच वर दाखवतं. ज्याचा काटा शून्याकडे जाईल ते तुमचं सर्किट. न्यूट्रल सुटलेले असताना मेन चुकूनही चालू करायचा नाही. दिव्यातून आलेला फेज त्या मोकळ्या टोकावर जिवंत असतो.

माझी पहिली शंका घराबाहेर जाणाऱ्या वायरवर आहे. पडवी, गेट, विहिरीचा पंप.

सागर_पनवेल:
पटलं. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रलही बघा. आरसीसीबीनंतरचा आणि आधीचा न्यूट्रल एकत्र झाला तरी हीच लक्षणं दिसतात.

नाशिकचा_सुपरवायझर:
१०० मिलीचा अजिबात टाकू नका. माणसाला वाचवायला ३० मिलीच लागतो. १०० आणि ३०० मिलीचे मुख्यतः लीकेजमुळे लागणारी आग टाळायला असतात.

कुडाळची_लेक:
सापडलं! इन्व्हर्टर नाही आमच्याकडे. वायरमनने मेगर आणला. पाच न्यूट्रल छान निघाले, पडवीचा शून्यावर. पडवीतून गेटच्या दिव्याला वायर जाते, तिला माडाजवळच्या खांबावर गोल डबी आहे. डबी उघडली तर आत पाणी आणि मुंग्यांची माती. न्यूट्रलचा जोड नुसता पिळून टेप मारलेला, टेप सुटून लोंबत होती, तांबं हिरवं पडलं होतं आणि ते अर्थच्या उघड्या तारेवर बसलं होतं. तो फाटा सोडवून ठेवलाय. कालपासून इस्त्री, मिक्सर, गीझर सगळं चालू आहे. काका, मनापासून आभार. आता तिथे नवीन जोड कसा करू?

जुना_वायरमन:
फार बरं वाटलं. हिरवं पडलेलं तांबं कापून टाका आणि चकचकीत तार लागेपर्यंत मागे या. टेपचा जोड नको, स्क्रूचा कनेक्टर वापरा. अर्थच्या तारेवर हिरवी स्लीव्ह चढवा. डबी आयपी ६५ची (धूळ-पाणी आत न जाणारी) घ्या, वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत घ्या आणि आत जाण्याआधी खाली एक वळसा ठेवा, म्हणजे वायरवरून येणारं पाणी तिथेच ठिबकेल. जमलं तर गेटचा फाटा वेगळ्या ३० मिलीच्या आरसीबीओवर (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मागा, आणि तो मेनमधून थेट जोडा, घरच्या आरसीसीबीनंतर नाही. मग बाहेर कितीही पाऊस शिरला तरी आईच्या खोलीतला पंखा थांबणार नाही.

जुना आरसीसीबी बहुतेक चांगलाच असेल. तपासून ठेवून द्या, टाकू नका.