विषय: मॉरिस मायनरचं इंजिन बांधायला मिस्त्री हवाय, अर्जंट

बापू, कोव्हेंट्री:
मंडळी, माझ्या मायनर ट्रॅव्हलरचं इंजिन शेवटी परवा उतरवलं. १९६५ची गाडी, १०९८ सीसी. हेड काढलं तर तीन नंबरच्या सिलिंडरला वर नख अडकेल एवढी कड, म्हणजे खाली झिजलाय, आणि पिस्टनवर आधीच ४०चा शिक्का, म्हणजे सिलिंडर एकदा ४० थाउ (हजारांश इंच) मोठे करून झालेत, आता ६० थाउ बोअर मारला की संपलं, पुढे स्लीव्हच, आत नवी नळी. दोघं बघून गेले. एक म्हणतो पिस्टनच्या नव्या रिंगा आणि बेअरिंग टाकतो, आठवड्यात घेऊन जा. दुसरा म्हणतो तुमचं इंजिन ठेवा आणि माझ्याकडचं तयार घ्या. मला माझाच ब्लॉक, इंजिनचा मूळ सांगाडा, हवाय. नीट मापं घेऊन काम करणारं कुणी माहितीये का? गणपतीच्या आत व्हायला हवं, मूर्ती दरवर्षी कशातून येते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नाना, डर्बी:
गेल्या वर्षी पार्किंगमध्ये मी सांगितलं होतं ऑइल खातेय, तर तुम्ही म्हणालात इंग्लिश गाडी आहे, गळणारच. गळणं वेगळं हो. त्या क्रँकला, पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, मागे सीलच नाही, नुसती आट्यांची खाच, ती फिरताना तेल आत ढकलते, गाडी उभी राहिली की दोन थेंब पडणारच. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गाइड गेलेत. आणि क्रँक न मापता बेअरिंग टाकणारा मिस्त्रीच नव्हे, त्याला वाटेला लावा. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग मशीन शॉपवाला करतो, बांधणारा वेगळा असतो, हे दोघं एकमेकांशी बोलणारे पाहिजेत. मॉरिस मायनर ओनर्स क्लब आमच्या डर्बीतच आहे, मी विचारतो. तोवर मला न विचारता कुणाला ॲडव्हान्स देऊ नका.

माई, लेस्टर:
मूर्ती यंदा आमच्या व्हॅनमधून आणायची हे मीटिंगमध्ये ठरलंय. मिनिट्स बघा. आणि हॉलची किल्ली कुणाकडे आहे?

दादा, स्लाऊ:
बदली इंजिनात काय वाईट आहे? मी घेतलं, डीव्हीएलएला, गाड्यांच्या नोंदणी ऑफिसला, नवा इंजिन नंबर कळवला, लॉगबुक बदलून आलं, विषय संपला. ब्लॉकला काय आडनाव असतं का?

बापू:
दादा, तुमची गाडी तुम्ही विकलीत पण.

तात्या, रेडिंग:
आमच्या काकांची अँबॅसिडर होती, म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्डच. कोल्हापूरला उद्यमनगरात तिचं फुल इंजिन काम केलं तेव्हा मी नववीत, दिवसभर बाकड्यावर बसून बघायचो. मिस्त्री नवी रिंग नुसती बोअरमध्ये सरकवायचा, वर एकदा, मध्ये एकदा, खाली एकदा, आणि दर वेळी तिच्या फटीत फीलर गेज, फट मापायची पातळ पट्टी, घालायचा. वरची फट जास्त आली की म्हणायचा, नरसाळं झालंय, बोअर मारा. बापू, आठवड्यात देतो म्हणणाऱ्याला एवढंच करून दाखवायला सांगा. आणि हेड निघालंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक बसवून घ्या. जुन्या सीटना जपणारं शिशाचं पेट्रोल २०००पासून बंद झालं, सीट बसवल्यात का बघा आधी.

दादा:
उद्यमनगरलाच पाठवा मग ब्लॉक, बोटीने.

सेक्रेटरी:
ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. रोज सकाळी आठ-आठ मेल बघून वाटतं गणपतीचे रजिस्ट्रेशन आलेत, तर क्रँक. तरी एक विचारते, चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, वर्षाची तपासणी, लागत नाही म्हणून तुम्ही मूर्ती आणि मुलं धूर मारणाऱ्या गाडीतून आणत होतात?

बापू:
मूर्ती. मुलं माईंच्या व्हॅनमध्ये होती.

नाना:
एक जण मिळाला. निवृत्त आहे, एका वेळी एकच इंजिन हातात घेतो. मापं झाल्याशिवाय आकडा सांगत नाही, हे मला आवडलं. म्हणाला ब्लॉक मोकळा करून आणा, मेन बेअरिंगच्या कॅप मात्र जिथल्या तिथे, अदलाबदल केलीत तर परत पाठवीन. दिवाळीच्या आधी होणार नाही, आत्ताच सांगतो. नंबर मी बापूंनाच फोनवर देईन, इथे टाकणार नाही, नाहीतर उद्या अर्धं मंडळ त्याच्या दारात.

बापू:
चालेल. दिवाळी तर दिवाळी. माई, शनिवारी व्हॅन मिळेल का, ब्लॉक डर्बीला न्यायचाय.

माई:
मिळेल. खाली जुनी चादर घाला, तेलाचा एक डाग दिसला तर मूर्ती तुमच्या मांडीवर. किल्लीचं कुणी सांगितलं नाही अजून.