मदत हवी आहे: टिनिटस (बाहेर आवाज नसताना कानात सतत वाजणं) 'मोजणारी' प्रकाशाची चाचणी आपल्याकडे होते का?

नमस्कार मंडळी,

आमचे अण्णा (वय ६३) आयुष्यभर इचलकरंजीत यंत्रमागावर होते. आता कानात सतत कुकरच्या शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. मध्येच उठून गॅस बंद करायला जातात, शेगडीवर काहीच नसतं. तो आवाज दबावा म्हणून भर थंडीतही झोपताना पंखा पाचवर. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीत) वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी, एमआरआय नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, सवय करून घ्या. घरात मात्र 'रिपोर्ट नॉर्मल, मग मनाचेच खेळ' असं सुरू झालंय, आणि अण्णांना तेच जास्त लागतं.

शोधताना मेलबर्नच्या बायोनिक्स इन्स्टिट्यूटचं २०२० चं संशोधन सापडलं. डोक्यावरच्या टोपीतून निअर इन्फ्रारेड प्रकाश आत सोडतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त तो वेगवेगळा शोषतं, त्यावरून मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते कळतं (एफनिर्स म्हणतात). यंत्राचा आवाज नाही, ही मोठीच सोय. एमआरआयच्या ठणठणाटात कानातलं काय मोजणार? टिनिटसचे २५ आणि बिनटिनिटसचे २१ जण तपासले. कुणाला टिनिटस आहे हे संगणकाने ७८ टक्के अचूक सांगितलं, सौम्य की तीव्र हे ८७ टक्के.

मुंबईच्या अली यावर जंग श्रवण संस्थेत किंवा म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत असं काही होतं का? कुणी चौकशी केलीय? दाट काळ्या केसांनी प्रकाश अडतो म्हणे, पण अण्णांना टक्कल आहे, तेवढं सोपं!

---

प्रतिसाद: मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. ७८ टक्के म्हणजे पाचात साधारण एक चुकणार, तेही ४६ जणांवरच्या अभ्यासात. उद्या अण्णांचा निकाल 'नाही' आला तर घरचे काय म्हणतील? शिवाय हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो. पुरावा म्हणून याच्या मागे लागू नका.

त्यापेक्षा टिनिटसचा त्रास किती होतो ते मोजणारी टीएचआय प्रश्नावली भरून घ्या. २५ प्रश्न, १०० पैकी गुण. झोप, चिडचिड, लक्ष न लागणं, सगळं त्यात येतं. घरच्यांना शेजारी बसवूनच भरा. वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी आहे, तर श्रवणयंत्र लावून बघितलंय का? बऱ्याच जणांना त्याने आवाज कमी जाणवतो. आणि आवाज एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर ईएनटीला तसं स्पष्ट सांगा.