मदत हवी आहे: लपून बाण मारतो, मरत कुणीच नाही

रात्रीचा_गडी:
डोकं फिरायची वेळ आली आहे म्हणून थेट विचारतो. गेममध्ये खाली वाकून बसलोय, स्क्रीनवरचा डोळा पूर्ण मिटलेला, म्हणजे मी कुणालाच दिसत नाहीये. बाण सोडतो, बरोबर डोक्यात. तिप्पट नुकसान झालं असं कोपऱ्यात येतंही. आणि समोरच्याची जिवाची लाल पट्टी नखभर कमी होते! मग तो आणि त्याचे सगळे भाऊबंद माझ्या अंगावर. काल एका खोलीत 40 बाण संपले. हा बग आहे का? लवकर सांगा, रात्री परत बसायचंय.

चष्मेवाला:
गेम कुठला ते तरी लिहा.

रात्रीचा_गडी:
स्कायरिम. आणखी कुठला असणार?

कोकणी_फणस:
ढीगभर आहेत. किंगडम कम घ्या, 2018 चा. 1403 सालचं बोहेमिया. धनुष्य ओढलं की नेम धरायला स्क्रीनवर साधा ठिपकासुद्धा नसतो. पहिले आठ दिवस मला एक ससा मारता आला नाही. याला म्हणतात तिरंदाजी.

चष्मेवाला:
फणसराव, त्यांनी विचारलंय काय, तुम्ही विकताय काय! गडी, तिप्पट येतंय म्हणजे डेडली एम पर्क, म्हणजे लेव्हल वाढल्यावर मिळणारी ती जादा ताकद, घेतलेला आहे, नाहीतर धनुष्याला दुप्पटच मिळतं. बाकीचं सांगा. धनुष्य, बाण, बूट, सोबत कोण?

रात्रीचा_गडी:
ड्वार्व्हन धनुष्य, स्टीलचे बाण. बूटही स्टीलचेच. सोबत अर्थातच लिडिया.

चष्मेवाला:
अर्थातच म्हणे! नखशिखान्त पोलादात मढलेली बाई मागून खणखणत येतेय आणि तुम्ही चोरपावलांनी चाललाय. तिला घरी ठेवा. तुमचे बूटही बदला, जड बुटांचा आवाज जास्त होतो. नाहीतर विंटरहोल्डच्या कॉलेजात ड्रेव्हिसकडून पावलांचा आवाज दाबणारा मफल मंत्र घ्या.

खंजीरबहाद्दर:
धनुष्यच टाकून द्या. स्नीक, म्हणजे लपायचं कौशल्य, 50 झालं की असॅसिन्स ब्लेड पर्क घ्या, खंजिराला पंधरापट. डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीचे हातमोजे घातले की तीसपट. मी 2011 पासून असाच खेळतोय. लांबून टुकटुक बाण मारणं म्हणजे घाबरटपणा.

चष्मेवाला:
सगळ्यांचाच शेवटी तिरंदाज होतो हो. जादूगार म्हणून सुरुवात करा, नाहीतर कुऱ्हाडवाला म्हणून. विसाव्या लेव्हलला तुम्ही अंधारात धनुष्य घेऊन बसलेले असता.

विषवल्ली:
बाणाला विष लावत नाही का कुणी? कॅनिस रूट आणि इम्प स्टूल एकत्र उकळा, समोरचा लाकडासारखा ताठ पडतो. मग आरामात दुसरा बाण. समोर आहे कोण पण?

रात्रीचा_गडी:
ड्रॉगर. शवपेटीचं झाकण धाडकन उडवून उठतात ते.

खंजीरबहाद्दर:
ड्रॉगरला विष लागत नाही, ताई. मेलेलेच आहेत ते.

विषवल्ली:
मग आधी सांगायचं ना ड्रॉगर म्हणून!

खरी_तिरंदाज:
अवांतर: मी खरीखुरी तिरंदाजी शिकतेय, रिकर्व्ह म्हणजे बिनपुलीच्या धनुष्यावर. दोरी पूर्ण ओढून अंधारात मिनिटभर वाट बघणं हे फक्त गेममध्येच जमतं. पाठीचे स्नायू पाच-सहा सेकंदांत बोंबलायला लागतात. कंपाउंड धनुष्याला पुली असतात, पूर्ण ओढल्यावर भार पुष्कळ कमी होतो. 2023 ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्ण घेतलं, ते कंपाउंडमध्येच.

कोकणी_फणस:
म्हणूनच सांगत होतो, किंगडम कम.

खरी_तिरंदाज:
त्याचा काय संबंध?

पाढेवाले_काका:
उशिरा आलो. सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. गडी, डिफिकल्टी कितीवर आहे?

रात्रीचा_गडी:
असेल नेहमीचीच.

पाढेवाले_काका:
असेल नको. सेटिंगमध्ये जाऊन बघा.

रात्रीचा_गडी:
लेजंडरी आहे, सगळ्यात अवघड. दिवाळीला भाचा आला होता. "मामा, जरा मजा येईल असं करून देतो" म्हणाला होता. हेच असणार.

पाढेवाले_काका:
सापडलं. लेजंडरीवर तुमचा घाव पाव हिश्शाने लागतो. आता पावकी म्हणा. दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. म्हणजे तुमचा तिप्पट बाण प्रत्यक्षात पाऊणपट. धनुष्याचे मूळ 12 आणि स्टीलच्या बाणाचे 10 मिळून 22 धरले, तर ढोबळमानाने साडेसोळा लागतात. आणि तो मारेल ते मात्र तुम्हाला तिप्पट. कोपऱ्यातला आकडा खोटा नाही, त्यात पुढचा पाव धरलेला नाही एवढंच. बग नाही, भाचा आहे. अडेप्टवर, म्हणजे नेहमीच्या पातळीवर आणा, तिथे जेवढ्यास तेवढं.

खंजीरबहाद्दर:
पंधरा पाव पावणेचार. म्हणजे लेजंडरीवर खंजीरच खरा, हे सिद्ध झालं.

चष्मेवाला:
अडेप्टवर आणायची काही गरज नाही. एबनीचे बाण घ्या, 20 आहेत. ग्राइंडस्टोनवर धनुष्य सुधारा, धनुष्याचा घाव वाढवणारे ओव्हरड्रॉचे पाचही पर्क भरा. आणि लिडिया घरी.

पाढेवाले_काका:
त्यांना आज रात्री खेळायचंय, पुढच्या दिवाळीला नाही.

रात्रीचा_गडी:
अडेप्ट केलं. दोन बाणांत आडवा! काका, तुमच्या तोंडात साखर पडो. भाच्याला फोन करून झापला, तर हसत बसला. आता नवीन भानगड. लिडिया अरुंद बोळाच्या तोंडाशी उभी आहे, मी आत अडकलोय, ती हलत नाही. काय करू?

चष्मेवाला:
नवीन धागा काढा.