मदत हवी आहे: कांग यात्से-२ अर्ध्यातून सोडून आले, नाशकात राहून पुन्हा तयारी कशी करू?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत आठ महिने गेले, आज लिहितेच.

वय ४७, बँकेत नोकरी, राहायला इंदिरानगर. ट्रेकिंग उशिरा सुरू केलं, लेक दहावीला गेली त्या वर्षी. (सगळे म्हणाले आता घरी थांब, आणि मी नेमकी बाहेर पडले.) रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या दोनदा, रविवारी एखादा किल्ला. हरिहर, अंजनेरी, रामशेज, साल्हेर दोनदा. कळसूबाई किती वेळा झाली ते मोजणं सोडून दिलंय. हिमालयात केदारकंठा (३८१० मी.) केला, तेव्हा डोकंसुद्धा दुखलं नाही. म्हणून धाडस केलं आणि मागच्या जुलैत लडाखच्या कांग यात्से-२ ला नाव घातलं. उंची ६२५० मीटर. कळसूबाई १६४६, म्हणजे पावणेचार कळसूबाया एकीवर एक. खरं तर मनात स्टोक कांगरी होतं, पण गावकऱ्यांच्या पाण्याचा आणि हिमनदीवरच्या ताणाचा प्रश्न म्हणून ते २०२० मध्ये बंद केलं, मग हे निवडलं.

बेस कॅम्पहून रात्री साडेअकराला निघालो. साधारण ५६०० ला, तीनच्या सुमारास, मला परत फिरवलं. ग्रुपमधले सहा जण वर पोचले, दोघं परतलो.

पाय दुखले नाहीत, दम म्हणावा तसा लागला नाही. चढायची ताकद होती आणि तरी जमलं नाही, हेच मनाला लागलंय. आयोजकांनी एक राखीव दिवस ठेवला होता, तोही हवा बिघडणार म्हणून गाळून टाकला. माझ्या मते घोळ तिथेच झाला.

आता विचारायचंय ते असं. नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटरवर. इथे राहून विरळ हवेची सवय कशी करायची? ते तोंडावर बांधून पळायचे मास्क मिळतात, त्यांचा उपयोग होतो का? आणि पुन्हा हेच शिखर करू की आधी फ्रेंडशिप पीक (५२८९) किंवा युनामसारखं (६१११) काही? अहोंचं म्हणणं, "झालं ना एकदा, आता सप्तशृंगीला जाऊ." जाणकारांनी सांगावं.

मिसळ_जहाल:

मास्क घ्या ताई, माझा मित्र गंगापूर रोडला रोज घालून पळतो. शिवाय कापराची पोटली जवळ ठेवा. अमरनाथला आमच्या सगळ्या बायकांनी हुंगली, कुणाला काही झालं नाही.

सातपूरकर:

जहालभाऊ, मास्कने श्वास ओढायला जोर लागतो, तेवढंच. आत येणारी हवा नाशिकचीच, ऑक्सिजन तेवढाच. छातीचे स्नायू थोडे कणखर होतील, पण उंचीची सवय शून्य. कापूर हुंगल्यावर नाक मोकळं वाटतं, वाटू द्या.

ताई, तयारीचं म्हणाल तर पांडवलेणी चांगली आहे पण तिथे चढ फार लवकर संपतो. माझा अनुभव, एकाच दिवशी अंजनेरी दोनदा करा, पाठीवर दहा-बारा किलो घेऊन. चढताना पाण्याचे कॅन भरलेले ठेवा, वर ओतून द्या, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. हरिहरच्या पायऱ्यांनी भीती जाते, पण बर्फावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) घालून तास न् तास एकाच लयीत चालणं हा वेगळाच प्रकार. लय हवी, वेग नको. आणि रात्री चालायची सवय करायची तर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आहेच आपल्याकडे. झोपेच्या वेळी, पावसात, चिखलात, माणसांच्या रांगेत संथ चालणं. समिट नाइटच्या, म्हणजे शिखराकडे निघायच्या रात्रीच्या जवळ जाणारं दुसरं काही आपल्या जिल्ह्यात नाही.

गुंगी:

मी भूलतज्ज्ञ आहे, स्वतः दोनदा सहा हजारांवर जाऊन आलोय, एकदा साडेपाचावरून परतलोय. आधी दोन प्रश्न. लेहला किती रात्री काढल्यात? आणि पुढचे मुक्काम कुठे कुठे झाले?

गोदाकाठची:

मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून लेह, सकाळी आठला उतरले. लेहला दोन रात्री. दुसऱ्या दिवशी सगळे खारदुंग ला ही खिंड बघायला गेलो (पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय म्हणून फोटो काढला, नंतर कळलं प्रत्यक्ष उंची ५३५९ मीटर). मग चिलिंगपर्यंत गाडी, स्किउ, मारखा, थाचुंगत्से, निमालिंग, बेस कॅम्प. रोज पुढे. बेस कॅम्पला दुपारी पोचलो आणि त्याच रात्री निघालो.

गुंगी:

झालं, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे.

लेह ३५०० मीटरवर. सहाशेवरून थेट तिथे विमानाने उतरलात, आणि दुसऱ्याच दिवशी गाडीतून ५३५९ ला जाऊन आलात. पहिले ४८ तास लेहमध्ये पडून राहायचं असतं, गोम्पासुद्धा (बौद्ध मठ) सावकाश बघायचा. पुढे थाचुंगत्से साधारण ४२५०, निमालिंग ४८००, बेस कॅम्प ५१००. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी काढावी, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम. तुमच्या आखणीत तो विसाव्याचा दिवस कुठेच दिसत नाही.

आता "ताकद होती तरी जमलं नाही" याबद्दल. फिटनेसचा आणि उंचीच्या आजाराचा संबंध नाही. मॅरेथॉन पळणारा आडवा होतो आणि सिगारेट ओढणारा काका वर जाऊन चहा पितो, असं मी पाहिलंय. उलट धडधाकट माणूस भरभर चढतो म्हणून लवकर सापडतो. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. शरीर आधी श्वास वाढवतं, त्याने रक्त अल्कधर्मी होतं, मग मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून ते ताळ्यावर आणतात. याला दिवस लागतात. रक्तपेशी वाढायला आठवडे. हे काम नाशकात करता येत नाही, तिथे जाऊनच करावं लागतं. नाशकात पाय तयार करा, बाकीचं रजेच्या अर्जावर आहे.

डायमॉक्स (ॲसिटाझोलामाइड) मूत्रपिंडांच्या त्याच कामाला हातभार लावतं. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त जावं लागेल, सोडा पिऊन बघा, चव गेलेली असेल.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्हाला परत का फिरवलं? डोकं किती दिवसांपासून दुखत होतं?

पायपीट:

गुंगी डॉक्टरांशी सहमत. फक्त युनामबद्दल सांगतो, कारण ताईंनी विचारलंय. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं म्हणून सगळे सुचवतात. पण तिथे मनालीहून बारालाचा ला ही खिंड ओलांडून गाडीच तुम्हाला साडेचार हजारांच्या वर नेऊन सोडते. मारखाच्या दरीत निदान चालत चालत चढतो. जिला उंचीने एकदा गाठलंय तिच्यासाठी युनाम ही वाईट निवड. त्यापेक्षा नेपाळमधला एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि काला पत्थर (सुमारे ५५५०) करा. नामचे ३४४०, दिंगबोचे ४४१०, दोन्हीकडे एकेक दिवस जास्तीचा मुक्काम असतोच. शरीर कसं वागतं ते तिथे कळेल. शिखर नाही मिळणार, पण काय झालं त्याने.

गोदाकाठची:

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोन दिवस टाळला. खरं सांगते.

डोकं थाचुंगत्सेपासून दुखत होतं. निमालिंगला संध्याकाळी तंबूमागे जाऊन उलटी केली आणि वरून माती लोटली. नाशिकहून नेलेलं चिवड्याचं पाकीट उशीसारखं फुगलं होतं, सगळे हसत फोडून खात होते, मी मूठभर घेऊन खिशात टाकला. रोज संध्याकाळी गाइड प्रत्येकाला विचारायचा, "सर दर्द? नींद? खाना?" मी म्हणायचे, "सब ठीक." बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र ७१ दाखवायला लागलं तेव्हा मीच म्हणाले की हात गार पडलेत, चोळून पुन्हा लावते. चोळून ७८ आलं. गोळ्या घेत होते, डोकेदुखीच्या. डायमॉक्स नाही, साध्या. त्या घेतल्या की दोन-तीन तास बरं वाटायचं.

त्या रात्री क्रॅम्पॉनचा पट्टा मला बांधता येईना. साधा पट्टा, बकलात ओवायचा. बघत बसले. कुणीतरी बांधून दिला. ५६०० ला गाइडने सगळ्यांना थांबवलं, हेडलँप माझ्या पायांवर धरला आणि म्हणाला, "मॅडम, एक लाइन में चलिए, एड़ी के आगे पंजा." पाच पावलं. तिसऱ्याला मी बाजूला गेले. तो एकच शब्द बोलला, "नीचे."

आणि पहिल्या पोस्टमध्ये "दोघं परतलो" लिहिलंय ना, त्यातला दुसरा आजारी नव्हता. पुण्याचा मुलगा, चोवीस वर्षांचा, उत्तम चढत होता. गाइड दोनच होते. एक मला घेऊन उतरला, उरलेल्या एकाच्या दोरावर सहा जणांपेक्षा जास्त घ्यायचे नव्हते. सगळ्यात शेवटी तो होता म्हणून त्याला माझ्याबरोबर पाठवलं. खाली येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तंबूत आल्यावर माझ्या बुटाच्या नाड्या सोडल्या, कारण मला तेही जमेना.

आयोजकांचं वेळापत्रक चुकलं होतं हे आता कळलं. पण मी बोलले असते तर निमालिंगलाच थांबवलं असतं. माझं शिखर तेव्हाही गेलंच असतं. त्याचं गेलं नसतं.

गुंगी:

लिहिलंत हे बरं केलंत.

तोल जाणं, साधा पट्टा न कळणं, ही मेंदूला सूज येऊ लागल्याची लक्षणं. एड़ीपुढे पंजा टाकून चालवणं हीच त्याची तपासणी, आणि खाली नेणं हाच त्यावरचा पहिला इलाज. त्या गाइडने तुमचा जीव वाचवला, शब्दशः. डोकेदुखीच्या गोळीने डोकं थांबतं, सूज थांबत नाही, म्हणून ती लपवून घेणं वाईट. आता एकदा झालंय म्हणजे पुन्हा व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त धरा. पण "कधीच जाऊ नका" असं मी म्हणणार नाही. सावकाश जा. आणि जाण्याआधी उंचीची माहिती असलेल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, धाग्यावर भागवू नका.

आजोबा_कॉलेजरोड:

मी १९८० च्या दशकात लेहला नोकरीत होतो. तेव्हा श्रीनगरहून ट्रकने जायचो. कारगिलला (२६७६) मुक्काम, मग लामायुरू, मग लेह. दोन रात्री वाटेत गेल्याने अंगाला कळायचंच नाही. विमानाने वेळ वाचतो तो पुढे डोकेदुखीत जातो. सूनबाई, रस्त्याने जा. मनालीकडून नको, सरचूचा (४२९०) मुक्काम भल्याभल्यांना रडवतो.

मिसळ_जहाल:

ताई, कापराबद्दलचे माझे शब्द मागे घेतो. बाकी त्या मुलाशी नंतर बोललात का?

गोदाकाठची:

सगळ्यांना उत्तर एकत्रच देते, हाफ डेला बसून लिहितेय.

आजोबा, रस्त्यानेच जायचं ठरलंय. श्रीनगर, कारगिल, लामायुरू, मग लेहला तीन रात्री, खारदुंग ला अजिबात नाही. निमालिंगला दोन रात्री आणि बेस कॅम्पला एक मोकळा दिवस. एकूण रजा बावीस दिवस, साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. सल्फाची ॲलर्जी नाही, डॉक्टरांना दाखवलंय, गोळीचं त्यांनी लिहून दिलंय. पायपीट, तुमचं पटतंय, पण एव्हरेस्ट बेस कॅम्पला रजा घेतली तर हे पुन्हा दोन वर्षं जाईल. हट्ट म्हणा. मात्र थाचुंगत्सेला डोकं दुखलं तर त्याच संध्याकाळी सांगायचं आणि निमालिंगहून पुढे जायचं नाही, हे अहोंना वहीत लिहून दिलंय. त्यांनी खाली सही घेतली. बँकवाल्याच्या घरात असंच असतं.

विमा बघताना कळलं की माझ्या आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळलेत. तुमचाही वाचून बघा, बारीक अक्षरात असतं. वेगळा घेतेय.

जहाल, बोलले. परवा फोन केला, आठ महिन्यांनी. मी माफी मागायला लागले तर म्हणाला, "काकू, मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडलात, मी वाटेत काहीच बोललो नाही म्हणून." त्याला स्वतःला उतरताना भीती वाटत होती की मी कुठेतरी बसेन आणि उठणार नाही, म्हणून बोलणं सुचेना. तो यंदा ऑगस्टमध्ये वेगळ्या ग्रुपबरोबर जातोय. मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. माझ्याबरोबर ये म्हणाले नाही, त्यानेही विचारलं नाही.

आता शेवटची मदत. बर्फावरचे डबल बूट लेहला भाड्याने मिळतात, पण माझा नंबर ३७, मागच्या वेळी ४० मिळाले आणि मी आत तीन मोजे घातले. बोटं सुन्न झाली होती त्यात हाही भाग असेल. नाशिक-पुण्यात कुणाकडे ३८ चे आहेत का? महिन्याभरासाठी हवेत, भाडं देईन, धुऊन परत करीन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

सातपूरकर:

बहिणीचे ३९ आहेत, एकदाच वापरलेले. रविवारी सकाळी अंजनेरीच्या पायथ्याशी आणतो, घालून बघा. कॅन भरून आणा, दोनदा चढायचंय.